पोस्टरवर नसलेला माणूस

सेकंड इयरला रूम बदलली तेव्हा भिंतीवर एक पोस्टर आयतंच मिळालं. पास आऊट झालेल्या सीनियरचं. एक माणूस कंबरेत वाकून हातातली गिटार स्टेजवर आपटतोय. मी वर्षभर येईल त्याला ऐकवत होतो, हा जो स्ट्रमर, 'द क्लॅश' या पंक रॉक बँडचा गायक. नंतर कळलं की तो जो नाहीच, तो बास वाजवणारा पॉल सिमोनन. फोटो १९७९ चा, न्यूयॉर्कचा. विंगभर फजिती झाली. पण त्या निमित्तानं खरा जो कोण ते वाचायला घेतलं आणि मित्रांनो, हा तर आपल्यासारखाच हॉस्टेलवाला निघाला!

त्याचं खरं नाव जॉन ग्रॅहॅम मेलर. जन्म २१ ऑगस्ट १९५२, तुर्कस्तानातल्या अंकाराचा. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला. त्यांचा स्वतःचा जन्म मात्र आपल्या लखनौचा. बदल्यांमुळे बिऱ्हाड कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असं फिरत राहिलं. जो नऊ वर्षांचा झाला तसं त्याला आणि मोठ्या भावाला, डेव्हिडला, लंडनजवळच्या एका निवासी शाळेत ठेवलं. आईवडिलांची भेट कधीतरी सुट्टीत. जो दांडगा, तो टिकला. डेव्हिड अबोल. तो हळूहळू सगळ्यांपासून तुटत गेला, नॅशनल फ्रंट नावाच्या वर्णद्वेषी पक्षाच्या नादी लागला आणि १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. मृतदेह ओळखायला जोला जावं लागलं. तेव्हा त्याला अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

पुढे आर्ट कॉलेज अर्ध्यावर सुटलं. वेल्समधल्या न्यूपोर्टला त्याने कबरी खणायचं काम केलं, लंडनच्या भुयारी रेल्वेत युकुलेली वाजवून पैसे मिळवले. गिटारची एकेक तार छेडणं काही जमेना, सहाही तारा एकदम खाजवायचा. त्यावरून स्वतःच नाव घेतलं 'स्ट्रमर'. ओसाड घरांत घुसून राहणाऱ्या पोरांबरोबर '१०१-र्स' हा बँड काढला. १९७६ मध्ये 'सेक्स पिस्टल्स'ला ऐकलं आणि हा बँडही सोडला, बरोबरचे मित्रही. जुन्या दोस्तांना ओळख दाखवेना!

नवा बँड म्हणजे 'द क्लॅश'. पॉल ब्रिक्स्टनच्या कष्टकरी वस्तीतला, तर गिटारवाला मिक जोन्स एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर आजीकडे राहणारा. बेकारी, पोलीस, वंशभेद हे यांच्या गाण्यांचे विषय. सरकारी अधिकाऱ्याचा पोरगा कामगारांची गाणी कसा गातो, असे टोमणे जोला कायम बसले. उत्तर कामातून मिळालं. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये नॅशनल फ्रंटविरुद्ध प्रचंड मेळावा झाला, तिथे क्लॅश वाजला. हा पक्ष कुठला, ते वर आलंच आहे. 'लंडन कॉलिंग' हा दोन रेकॉर्डींचा अल्बम त्यांनी एकीच्या किमतीत विकायला लावला. पुढचा 'सँडिनिस्टा!' तीन रेकॉर्डींचा. तो स्वस्त राहावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींची रॉयल्टी सोडली. मेसच्या बिलावर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना याची किंमत कळावी!

मग नेहमीचंच. नाव झालं आणि कुरबुरी वाढल्या. १९८२ मध्ये हेरॉइनच्या व्यसनापायी ड्रमर टॉपर हेडनला काढलं. १९८३ मध्ये तर जोने मिकलाच बाहेर काढलं, म्हणजे ज्याने बहुतेक चाली बांधल्या त्यालाच. १९८५ चा अल्बम फसला आणि क्लॅश संपला. ती आपली चूक होती हे जोने पुढे मोकळेपणाने मान्य केलं. १९८५ मध्ये तो मिकला परत बोलवायला गेला, पण मिकचा स्वतःचा बँड उभा राहिला होता. जो त्याच्याच पुढच्या अल्बमवर काम करू लागला. दोस्ती जुळली, पण एकत्र स्टेजवर काही ते आले नाहीत. जोची बरीच वर्षं अशीच गेली. १९९९ मध्ये 'मेस्केलेरोज' या नव्या बँडबरोबर तो पुन्हा उभा राहिला.

१५ नोव्हेंबर २००२. संपावर असलेल्या अग्निशामक कामगारांच्या मदतीसाठी लंडनच्या ॲक्टन टाऊन हॉलमध्ये जोचा कार्यक्रम होता. मिक प्रेक्षकांत. जुनं गाणं सुरू झालं आणि काहीही ठरलेलं नसताना मिक गिटार घेऊन स्टेजवर चढला. एकोणीस वर्षांनी दोघं एकत्र वाजले. पाचच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, जो घरीच गेला. हृदयात जन्मापासून दोष होता, कुणालाच माहीत नव्हता. वय पन्नास.

त्या एका संध्याकाळीबद्दल वाचून मी पुस्तक मिटलं. एका सबमिशनवरून माझा जुना रूममेट आणि मी सात महिने बोलत नव्हतो. चूक अर्धी तरी माझी होती. त्या रात्री त्याच्या दारावर टकटक केली. त्याने दार उघडलं, काही न बोलता चहाचा कप पुढे केला.

पोस्टर अजून भिंतीवर आहे. आता कुणी विचारलं तर सांगतो, हा जो नाही. पण बस, जोची गोष्ट सांगतो.