पंडित भगवानलाल इंद्रजी

मुंबईच्या उपनगरातील कांदिवली येथे 1930 च्या दशकात टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्यास अश्मयुगातील दगडी हत्यारे सापडली. उत्तर कोकणच्या भूमीत अशी पुरातन संपत्ती जागोजागी दडलेली आहे. तिचा शोध कसा घ्यावा, हे त्यापूर्वी सुमारे अर्धशतक एका स्वयंशिक्षित पंडिताने दाखवून दिले होते.

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म 1839 मध्ये सौराष्ट्रातील जुनागड येथे झाला. गावाजवळ गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा कोरलेल्या आहेत. येणारेजाणारे ती अक्षरे पाहत आणि पुढे जात. या मुलास मात्र त्यांनी वेड लावले. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली होती. तिच्या अक्षरांचा तक्ता मिळवून भगवानलालांनी शिळेवरील एकेक अक्षर ताडून पाहिले आणि ते शिलालेख वाचू लागले.

त्यांची कीर्ती मुंबईचे प्रख्यात वैद्य व संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. 1861 मध्ये त्यांनी भगवानलालांना मुंबईस बोलावून घेतले. लेखाची प्रत चुकली की अर्थही चुकतो; म्हणून मूळ दगडापाशी जाऊनच प्रत घ्यावयाची, हा भगवानलालांचा नेम होता. त्यासाठी त्यांनी लेणी धुंडाळली, रानेवने तुडवली आणि थेट नेपाळपर्यंत प्रवास केला. 1874 मध्ये भाऊ दाजी निवर्तले. त्यानंतर भगवानलाल स्वतःचे संशोधन प्रसिद्ध करू लागले. इंग्रजी त्यांना फारसे अवगत नव्हते. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्याचे भाषांतर करीत.

एप्रिल 1882 मध्ये ते सोपाऱ्यास आले. तेथील एका टेकाडास लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. राजा कोणता, हे कोणासच ठाऊक नव्हते. भगवानलालांनी ओळखले, की हा किल्ला नव्हे, बौद्ध स्तूप आहे. खोदकाम सुरू झाले. मध्यभागी विटांच्या कोठडीत एक दगडी पेटी लागली. झाकण उचलताच आत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ बुद्धमूर्ती दिसल्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता! सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांनी अनुमान केले. बुद्धमूर्ती मात्र त्या नाण्याहून कित्येक शतके अलीकडच्या आहेत. तेव्हा ती पेटी मध्यंतरी कोणीतरी उघडून पुन्हा पुरली असावी, असे विद्वान मानतात.

त्याच वर्षी सोपाऱ्यास त्यांना अशोकाच्या आठव्या धर्माज्ञेचा भग्न शिलाखंडही मिळाला. ज्या राजाच्या अक्षरांनी बाळपणी त्यांना ओढून घेतले, त्याचेच शासन कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते, याचा हा पुरावा होता.

1884 मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. 1888 मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, मुंबईत त्यांचे निधन झाले. आपला नाण्यांचा संग्रह आणि मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष त्यांनी मृत्युपत्राने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. सोपाऱ्याचे करंडक मात्र मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत राहिले, आणि अशोकाच्या आज्ञेचा तो शिलाखंड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो.