उंच काठ्यांवरचा आर्ची

अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉलिवूड बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे. तिथल्या चायनीज थिएटरसमोरच्या फुटपाथवर कुणी सुपरमॅन, कुणी स्पायडरमॅन, तर कुणी मर्लिन मन्रो बनून उभं असतं. पर्यटकांबरोबर फोटो काढायचे, हातावर ठेवतील ती बक्षिशी घ्यायची. यातले बरेचजण सिनेमात काम मिळेल या आशेवर गाव सोडून आलेले असतात. आपल्याला वाटतं, काय ही सोंगं! पण मैत्रिणींनो, त्याच थिएटरच्या अंगणात सिमेंटमध्ये ज्या बड्या नटांच्या हातापायांचे ठसे उमटवलेत, त्यात एक ठसा असा आहे, ज्याच्या मालकाने तरुणपणी हेच केलं होतं. त्याचं नाव कॅरी ग्रँट.

नाव ओळखीचं नसेल, पण आमिर खान-मनीषाचा 'मन' आठवतोय ना? १९९९ साली आलेला. तो ज्या इंग्रजी सिनेमावर बेतला होता, त्या १९५७ सालच्या 'अॅन अफेअर टु रिमेंबर'चा नायक हाच. उंचापुरा, सूट कसा घालावा तर यानेच. बघणाऱ्याला वाटावं, चांदीचा चमचा तोंडात घेऊनच जन्मला असेल. मला मात्र त्याच्या सिनेमांपेक्षा त्याच्या आईची गोष्ट जास्त अस्वस्थ करते.

त्याचं खरं नाव आर्चिबाल्ड लीच, घरी आर्ची. जन्म १८ जानेवारी १९०४ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला. वडील इलायस कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीचं काम करायचे. आई एल्सी शिवणकाम जाणणारी. तिचा पहिला मुलगा वर्षाचाही झाला नव्हता तेव्हाच गेला होता. त्या दुःखातून ती कधी पुरती सावरलीच नाही. आर्चीला अगदी डोळ्यांत तेल घालून जपायची. हातात पैसा नाही, तरी पोराला पियानो आला पाहिजे, चारचौघांत नीट वागता आलं पाहिजे, ही धडपड. जेवताना टेबलावरच्या कापडावर डाग पाडला की खाऊच्या पैशांतून दंड कापून घ्यायची. नवऱ्याशी मात्र तिचं पटत नव्हतं.

१९१५ साली, आर्ची अकरा वर्षांचा असताना, एके दिवशी तो शाळेतून घरी आला तर आई नाही. समुद्रकिनारी हवापालटाला गेलीय, असं सांगण्यात आलं. दिवस गेले, महिने गेले. आई काही आली नाही. पुढे कधीतरी सांगण्यात आलं की ती वारली. वडिलांनी दुसऱ्या बाईबरोबर घर मांडलं, तिथे मूलही झालं.

आईविना पोर ते. शाळा सुटली की ब्रिस्टलच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात पडद्यामागे प्रकाशयोजनेच्या कामात लुडबुड करायचं. बॉब पेंडर यांची कसरतींची मंडळी होती. वडिलांची खोटी सही करून पत्र पाठवलं आणि त्यांच्यात दाखल झालं. वडिलांनी परत आणलं. मग १९१८ साली शाळेनेच काढून टाकलं आणि आर्ची कायमचा त्या मंडळींत गेला. कोलांट्या, मूकाभिनय, पायांना उंच लाकडी काठ्या बांधून चालणं, सगळं शिकला.

१९२० साली सोळाव्या वर्षी तो मंडळींबरोबर बोटीने न्यूयॉर्कला गेला. बोटीवर डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड हे त्या काळचं गाजलेलं जोडपं होतं. त्या फेअरबँक्सचा रुबाब पाहून पोराने मनाशी ठरवलं, आपणही असंच व्हायचं.

दोन वर्षांनी मंडळी परत निघाली, हा मागे राहिला. खिशात दमड्या नाहीत. रस्त्यावर नेकटाय विकले. मग कोनी आयलंडच्या जत्रेसारख्या गजबजाटात एक काम मिळालं. भडक हिरवा कोट आणि काठ्या झाकणारी लांबलचक काळी विजार घालायची, डोक्यावर टोपी चढवायची आणि उंच काठ्यांवरून फिरत स्टीपलचेस पार्कची जाहिरात करायची. टारगट पोरं त्याला पाडायला टपलेली असायची. विचार करा, एवढ्या उंचीवरून पडणं म्हणजे काय! पण पोटासाठी उन्हातान्हात चालत राहिला.

नाटकांत छोटी-मोठी कामं करत तो १९३१ साली हॉलिवूडला पोचला. पॅरामाउंट कंपनीने नाव बदलायला लावलं आणि आर्ची लीचचा कॅरी ग्रँट झाला. अंगावरचा हिरवा कोट गेला, काळा सूट आला. मला विचाराल तर तेही एक सोंगच होतं. फक्त यावेळी कुणी पाडायला आलं नाही.

आणि मग, तिशी उलटण्याच्या सुमाराला, त्याला कळलं की आई जिवंत आहे! ब्रिस्टलमध्येच, वेड्यांच्या इस्पितळात. नवऱ्यानेच नेऊन ठेवलं होतं. घरापासून थोड्याच मैलांवर ती वीस वर्षं होती आणि पोर तिला मेलेली समजत होतं. तो भेटायला गेला तेव्हा तिच्या मनात होता अकरा वर्षांचा आर्ची. पडद्यावरचा तो देखणा गृहस्थ तिच्या ओळखीचा नव्हता.

वडील १९३५ साली वारले. मुलाने आईला बाहेर काढलं, ब्रिस्टलमध्ये घर घेऊन दिलं. अमेरिकेला चल म्हणाला, पण ती आपलं गाव सोडायला तयार झाली नाही. तो शेवटपर्यंत तिला भेटायला येत राहिला. बाहेर आल्यावर ती पस्तीसहून जास्त वर्षं जगली. १९७३ साली गेली तेव्हा ९५ वर्षांची होती.

त्या जखमेचे वळ मुलाच्या आयुष्यावर राहिलेच. पाच लग्नं केली, त्यातली चार मोडली. १९६६ साली, बासष्टाव्या वर्षी मुलगी झाली, तेव्हा मात्र सिनेमा सोडून दिला. तिचे बोबडे बोल टेप करून ठेवायचा, तिची चित्रं, चिठ्ठ्या जपायचा. आपल्या बालपणाचं काही उरलं नाही, हिचं तरी उरावं! २९ नोव्हेंबर १९८६ ला तो गेला.

ब्रिस्टलच्या चौकात २००१ सालापासून त्याचा पुतळा उभा आहे. मी विचार करते तो एल्सीचा. ती खचली होती, हे खरं. पण त्या काळी नवऱ्याचा शब्द आणि डॉक्टरची सही एवढ्यावर बाई घरातून नाहीशी होऊ शकत होती. शेजारपाजार होता, नातेवाईक होते. पोराला खरं सांगायला कुणी पुढे आलं नाही. बायकोला 'माहेरी गेलीय', 'डोक्यावर परिणाम झालाय' असं सांगून गप्प बसवणारी घरं आपल्याही ओळखीची असतात. तिथे निदान एकदा तरी आपण जाऊन विचारावं, ती कुठे आहे, कशी आहे. आणि तिच्या लेकरांशी खरं बोलावं.