दुसरा बाँड

बाँड हे नाव उच्चारले की आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर सर्वांना तो ब्रिटिश गुप्तहेरच आठवणार. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात स्टीअरिंग आणि दिमतीला भारी किमतीची मोटार! आम्हा कॉमर्सवाल्यांना फार तर कर्जरोखे आठवतील. मला ज्या बाँडविषयी लिहायचे आहे ते या दोहोंपैकी नव्हेत. लॉरी बाँड हे त्यांचे नाव. मोटारसायकलवाल्याला परवडेल अशी मोटार करण्यात त्यांची हयात गेली. गुप्तहेराची पहिली कादंबरी १९५३ साली निघाली. या बाँडची गाडी १९४९ सालीच इंग्लंडच्या रस्त्यांवर धावू लागली होती, म्हणजे मान वडीलकीचा यांनाच द्यावा लागेल.

लॉरेन्स ऊर्फ लॉरी बाँड यांचा जन्म २ ऑगस्ट १९०७ रोजी उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावी झाला. त्याच गावी मालट्रक बनविणाऱ्या अ‍ॅटकिन्सन कंपनीत त्यांनी उमेदवारी केली. पुढे ब्लॅकबर्न या विमान कंपनीत त्यांनी काम केले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःची छोटी कंपनी काढून विमानांचे सुटे भाग पुरवले. या नोकऱ्यांचा तपशील मुद्दाम देत आहे, कारण पुढची सारी गोष्ट त्यातून निघते. मालट्रक बांधताना आधी जाड लोखंडी चासी करतात, मग तिच्यावर इंजिन, केबिन, हौदा असा एकेक बोजा चढवतात. विमानात तसे करता येत नाही. तितके लोखंड हवेत उडणारच नाही. तिथे पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घड्या घालून, रिव्हेट मारून असा बांधतात की कातडीच भार पेलते. रॉकेलच्या डब्याचे उदाहरण घ्या. त्याचा सुटा पत्रा बोटाने वाकतो, पण डबा करून ठेवला की त्याच्यावर माणूस उभा राहतो. मोटारही डब्यासारखी का बांधू नये, हा प्रश्न बाँड यांनी घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही.

युद्ध संपताच त्यांनी ५०० सी.सी. वर्गातील शर्यतीची एक चिमुकली गाडी केली. नंतर एक हलकी मोटारसायकलही केली. मिनीबाइक तिचे नाव. तिची फ्रेम म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वळवून केलेली एक जाड नळीच होती. पण त्यांचे नाव झाले ते तीन चाकांच्या मोटारीमुळे.

१९४८ सालचे इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. लढाई जिंकलेली, पण घरात टंचाई. साखर रेशनवर, पेट्रोल रेशनवर. पोलाद परदेशी विकायच्या मालासाठी राखलेले, त्यामुळे नवी मोटार घरच्या गिऱ्हाइकाला लवकर मिळत नसे. अशा वेळी बाँड यांनी बाजारहाट करण्यापुरती एक तीनचाकी तयार केली. तिला मोटारसायकलचे १२२ सी.सी.चे व्हिलियर्स इंजिन लावले. आपल्याकडेही मद्रासच्या एनफील्ड कंपनीने १९६० च्या दशकात जी फॅन्टाब्युलस नावाची स्कूटर काढली तिला व्हिलियर्सचेच इंजिन होते. गाडी तयार झाली. पण ती बनवायला जागा नव्हती आणि भांडवलही नव्हते. म्हणून बाँड प्रेस्टनमधील शार्प्स कमर्शियल्स या कारखान्याकडे थोडी जागा भाड्याने मागायला गेले. हा कारखाना लष्करी वाहने दुरुस्त करून सरकारला देत असे आणि ते कंत्राट संपत आले होते. कारखान्याचे चालक लेफ्टनंट कर्नल ग्रे यांनी जागा द्यायचे नाकारले, पण गाडी आम्हीच बनवतो असा उलट प्रस्ताव ठेवला. एकाकडे कल्पना, दुसऱ्याकडे रिकामे यंत्र आणि हाताला काम नसलेले कामगार. व्यवहार जुळला. जानेवारी १९४९ पासून ‘बाँड मिनीकार’ बाहेर पडू लागली आणि १९६६ पर्यंत तिच्या चोवीस हजारांहून अधिक प्रती निघाल्या.

पहिली मिनीकार पाहून आजच्या मुलांना हसू येईल. तिला दार नाही. बाजूवरून पाय टाकून आत जायचे. वायपर एकच आणि तोही हाताने फिरवायचा. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. मागे पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. टायरमधली हवा हीच स्प्रिंग. सुरुवातीच्या गाड्यांत तर स्टीअरिंगदेखील तारेने ओढले जाई. अंग बव्हंशी सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे, म्हणजे महागडे साचे आणि अजस्र प्रेस नकोत, पत्रा वाकवण्याचे यंत्र असले की पुरे. वजन सगळे मिळून दीडशे किलोच्या आत. या सगळ्याला काटकसर म्हणावे की कंजूषपणा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मागच्या स्प्रिंगा आणि पुढचा ब्रेक पुढे दोनतीन वर्षांत बसवावे लागलेच. दार मात्र एकच बसवले!

आता थोडे कराविषयी, कारण ते कळल्याशिवाय या गाडीची तीन चाके कळत नाहीत. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आठ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे ४०६ किलोच्या आतली तीनचाकी मोटारसायकलच्या वर्गात धरली जाई. तिच्यावर कर कमी आणि ती चालवायला मोटारसायकलचा परवाना पुरे. अट एकच होती: रिव्हर्स गियर असता कामा नये. रिव्हर्स नसलेली मोटार अरुंद गल्लीत अडकली तर काय करायचे? बाँड यांच्या रचनेत इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाच्याच चिमट्यावर बसवलेले होते. चाकाबरोबर इंजिनही वळायचे. १९५२ च्या ‘मार्क सी’ या मॉडेलात ही सोय इतकी वाढवली गेली की चाक डावीउजवीकडे पूर्ण काटकोनात वळू लागले आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली. एखाद्या लग्नघरच्या मांडवात फुगडी घालावी तशी! कायदाही मोडला नाही आणि गिऱ्हाईकही अडले नाही. कॉस्टिंगच्या तासाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

गाडी चालली, पण कारखाना शार्प्सचा होता आणि पुढची मॉडेले त्यांच्याच लोकांच्या हातून निघू लागली. बाँड वेगळे झाले. त्यांचे नाव मात्र गाडीवर राहिले. नंतर कंपनीने स्वतःचेच नाव बदलून ‘बाँड कार्स’ केले. मालकी नसलेल्या कारखान्याच्या दारावर आपले आडनाव झळकत आहे, ही परिस्थिती चमत्कारिकच म्हणायची.

दरम्यान एक नवे द्रव्य बाजारात आले होते. काचेच्या बारीक धाग्यांची चटई साच्यात अंथरायची, तिच्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव ब्रशने भिनवायचा, त्यात मिसळलेल्या हार्डनरमुळे तो घट्ट झाला की साच्याच्या आकाराचे कवच उचलून घ्यायचे. हे फायबरग्लास. आपल्याकडे पाण्याच्या टाक्या आणि देखाव्यातल्या मूर्ती करतात तेच. बाँड यांना जणू हवा तो डबा मिळाला, आणि तोही पत्रा न ठोकता. बेडफर्डशायरमधील बिगल्सवेड येथे बर्कली नावाचा, निवासी कॅराव्हॅन बनविणारा कारखाना होता. त्याचे मालक चार्ल्स पँटर. कॅराव्हॅनचा धंदा हंगामी, कामगार मात्र बारमाही. फायबरग्लासचे काम त्यांना येत होते. त्यांच्यासाठी बाँड यांनी १९५६ साली दोन आसनांची एक स्पोर्ट्स कार आखली. चासी नाहीच. तळ, नाक आणि शेपूट असे फायबरग्लासचे तीन मोठे तुकडे एकमेकांना जोडलेले, आत अ‍ॅल्युमिनियमचे आडवे पडदे. पुढे ३२२ सी.सी.चे अँझानी इंजिन, पुढच्याच चाकांना चेनने चालना, वजन तीनशे किलोच्या आसपास. मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी गाडी, पण रूप असे की थांबून बघावे. १९५९ मधल्या मॉडेलांना तर रॉयल एनफील्डचे ६९२ सी.सी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवलेले होते, हे आपल्या बुलेटप्रेमी मित्रांच्या माहितीसाठी.

त्याच १९५६ साली ऑपरमन या कंपनीसाठी त्यांनी युनिकार नावाची आणखी एक फायबरग्लासची गाडी आखली. मागची दोन चाके इतकी जवळजवळ ठेवली की डिफरन्शियलचा खर्च वाचला. किंमत करासह चारशे पौंडांच्या आत. पुढे ती सुट्या भागांच्या रूपातही विकली गेली. सुट्या भागांवर खरेदी-कर नव्हता. गिऱ्हाइकाने ते घरी न्यावे आणि स्वतः जोडावे. म्हणजे या गाड्यांचा घरच्या शेडशी संबंध जन्मापासूनचाच आहे.

१९५६ च्या अखेरीस सुवेझ प्रकरणामुळे इंग्लंडात पुन्हा पेट्रोलचे रेशन आले आणि चिमुकल्या गाड्यांना बरे दिवस आले. पण टंचाईवर उभा राहिलेला धंदा टंचाई संपताच डळमळतो. ऑगस्ट १९५९ मध्ये पाचशे पौंडांच्या आत चार माणसांची, चार चाकांची खरीखुरी मोटार आली: मिनी. युनिकार दोनशेच्या आसपास निघून बंद पडली होती. बर्कलीने चार वर्षांत सुमारे चार हजार गाड्या केल्या. १९६० मध्ये कॅराव्हॅनचा बाजार बसला आणि वर्षाच्या शेवटी कारखाना बुडाला. तो शार्प्सने विकत घ्यावा अशी बोलणी झाली, ती फिसकटली. झाली असती तर बाँड यांची दोन्ही अपत्ये एका छपराखाली आली असती. नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारने मोटारींवरील खरेदी-कर ४५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला आणि तीनचाकीला करात जी सवलत होती तिचे महत्त्वच उरले नाही. माझ्या मते बाँड यांची आखणी चुकलेली नव्हती. ज्या कररचनेला उत्तर म्हणून ती निघाली, ती कररचनाच पालटली. शार्प्सने तरीही आणखी काही वर्षे तग धरला.

१९६९ साली बाँड कार्स ही कंपनी रिलायंटने घेतली. १९७० साली रिलायंटने ‘बाँड बग’ नावाची नारिंगी रंगाची, पाचरीसारखी तीनचाकी काढली. आज बाँड म्हटले की मोटारशौकिनांना तीच आठवते; पण ती आखली टॉम कॅरेन यांनी, लॉरी बाँड यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. १९७४ साली बगचे उत्पादन थांबले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लॉरी बाँड वारले. याच रिलायंटची ‘किटन’ ही फायबरग्लासची गाडी पुढे बेंगळुरूच्या सिपानी कंपनीने घेतली आणि १९८२ पासून ‘डॉल्फिन’ म्हणून आपल्या कर्नाटकात बनवली. त्याआधीची तीनचाकी ‘बादल’ही बेंगळुरूचीच आणि फायबरग्लासचीच.

एवढ्यावर चरित्र संपायला हवे, पण बाँड यांच्या गाड्या अजून संपलेल्या नाहीत. इंग्लंडात त्यांच्या मालकांचे क्लब आहेत आणि घराच्या मागच्या शेडमध्ये लोक त्या सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करत बसतात. हे काम कसे चालते ते वाचून मला मोठी गंमत वाटली. फायबरग्लासला गंज नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. वरून लांबी भरून रंग दिला तर भेग काही महिन्यांत पुन्हा डोके वर काढते. म्हणून ती आधी मुळापर्यंत घासून इंग्रजी व्हीच्या आकाराची उघडायची, मागच्या बाजूने नवी चटई आणि रेझिन लावून जोर द्यायचा आणि मग पुढून भरायचे. रंग काढायचे नेहमीचे औषध इथे चालत नाही. ते रंगाबरोबर रेझिनही खाते. हाताने पॉलिशपेपर घासावा लागतो, आणि ती भुकटी अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. नाकातोंडावर मास्क हवाच. हवा थंड किंवा दमट असली की रेझिन नीट धरत नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात त्यामुळे काम महिनेच्या महिने खोळंबते.

बर्कलीचे दुखणे आणखी आत असते. कवच शाबूत दिसते, पण आतले अ‍ॅल्युमिनियमचे पडदे जिथे पोलादाला टेकतात तिथे ओल शिरून पांढरी भुकटी झालेली असते. चासी नसल्यामुळे पडदा काढला की सगळी गाडी ढिली पडते. म्हणून आधी खालून लाकडी ठोकळ्यांचे टेकू देऊन ती ओळंब्यात धरतात, मगच जुने रिव्हेट उडवतात. टेकू चुकला आणि रेझिन तसेच आवळले, तर दार पुन्हा कधी नीट लागत नाही. मिनीकारचा चेपलेला पत्रा सरळ करण्याची युक्ती तर आपल्या उद्यमबागेतल्या कारागिरांना आवडेल अशी आहे: पत्र्यावर साबण घासतात आणि मागून ज्योत देतात, साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला असे समजून ज्योत काढून घेतात, नाही तर अ‍ॅल्युमिनियम वितळायला वेळ लागत नाही.

हिशेबाने पाहिले तर या उद्योगात कोणाच्या मजुरीचे पैसे सुटत असतील असे वाटत नाही. आपल्या पुस्तकी घसाऱ्याप्रमाणे या गाड्यांची किंमत केव्हाच शून्य व्हायला हवी होती. तरी लोक करतात, आणि करू शकतात याचे कारण प्रेस्टनच्या त्या गृहस्थाने आधीच करून ठेवले आहे. मोठा प्रेस लागेल असा भाग त्यांनी कुठे घातलाच नाही. इंजिन एका माणसाला उचलते. बर्कलीची चाके आणि इंजिन उतरवले की उरलेले धड शेजारपाजारच्या चौघांनी मिळून शेडमधून अंगणात आणायचे, उन्हात उलटे घालायचे आणि तळाची भेग शोधायला लागायचे.