विश्लेषण : एंडोमेट्रिओसिसचे कोडे मांडणारे डॉ. सॅम्पसन कोण होते?

पाळीच्या दिवसांतील असह्य वेदना ‘होतंच असं’ म्हणून अंगावर काढल्या जातात. अनेकदा त्यामागे एंडोमेट्रिओसिस असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, तो हा आजार. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के महिलांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याला हे नाव रूढ करून देणारे होते अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जॉन सॅम्पसन.

सॅम्पसन यांची कारकीर्द कशी होती?

न्यूयॉर्क राज्यात १८७३ मध्ये जन्मलेल्या सॅम्पसन यांनी १८९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढे ऑल्बनी शहरात त्यांनी आयुष्यभर शस्त्रक्रिया, अध्यापन आणि संशोधन केले. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी काय शोधले?

बीजांडकोशातील जुन्या, गडद रक्ताने भरलेल्या गाठींना ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. या गाठी फुटून आजार ओटीपोटात पसरतो, असे त्यांनी १९२१ मध्ये मांडले. मात्र, ते तिथे थांबले नाहीत. पाळीच्या काळात केलेल्या शस्त्रक्रियांत त्यांना बीजवाहिन्यांतून पोटात रक्त उतरताना दिसले. या उलट्या प्रवाहाबरोबर अस्तराच्या जिवंत पेशी पोटात जाऊन रुजतात, हा सिद्धांत त्यांनी १९२७ मध्ये मांडला.

मग कोडे कोणते?

असा उलटा प्रवाह बहुतेक महिलांमध्ये होतो, आजार मात्र काहींनाच. शिवाय फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवांतील आजाराचा उलगडाही त्यातून होत नाही. म्हणूनच आज रोगप्रतिकारशक्ती, जनुके आणि दाह यांचा अभ्यास सुरू आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२३ मध्ये अनेक रुग्णांच्या गर्भाशयात फ्युसोबॅक्टेरियम हा जीवाणू आढळला. उंदरांमध्ये प्रतिजैविकांनी गाठी कमी झाल्या. महिलांमध्ये तसे होते का, हे चाचण्यांतूनच ठरेल.

उपचार कुठवर आले?

सध्या वेदनाशामके, संप्रेरकांची औषधे आणि शस्त्रक्रिया हेच मार्ग आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेले एलागोलिक्स इस्ट्रोजेन घटवून वेदना कमी करते; पण त्याने हाडांची घनता घटू शकते, म्हणून ते मर्यादित काळच देतात. आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. पेशी पोटात कशा पोहोचतात, हे सॅम्पसन यांनी दाखवले. त्या काहींच्याच शरीरात का रुजतात, याच्या उत्तरावर पुढचे औषध अवलंबून आहे.