डॉ. व्हिक्टर फ्रांकल : रुग्णाच्या श्रद्धेचा मान राखणारे मनोवैद्य

घरातील एखाद्याचे मन आजारी पडले की अनेक ख्रिस्ती कुटुंबांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आजारी माणसाला डॉक्टरांकडे न्यावे की धर्मगुरूंकडे? काही जणांना मानसोपचार हा श्रद्धेचा पराभव वाटतो. काही सुशिक्षितांना वाटते की, औषधोपचार सुरू झाल्यावर देवाधर्माचे नाव काढणेच अप्रस्तुत आहे. या दोन्ही भूमिकांच्या पलीकडचा मार्ग विसाव्या शतकातील एका यहुदी डॉक्टरांनी आपल्या वैद्यकीय कार्यातून आणि त्याहूनही अधिक आपल्या जीवनातून दाखवून दिला. त्यांचे नाव डॉ. व्हिक्टर एमिल फ्रांकल.

फ्रांकल यांचा जन्म २६ मार्च १९०५ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील गेब्रिएल हे सरकारी अधिकारी होते व आई एल्सा प्राग शहरातील होती. घरातील वातावरण धर्मनिष्ठ होते. शाळकरी वयातच त्यांनी सुप्रसिद्ध मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांचा एक लेख फ्रॉइड यांच्या नियतकालिकात १९२४ साली प्रसिद्धही झाला. पुढे ते आल्फ्रेड अॅडलर यांच्या वर्तुळात वावरले. परंतु मतभेदांमुळे १९२७ साली त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. फ्रॉइड यांनी मानवी वर्तनाच्या मुळाशी सुखाची ओढ पाहिली, तर अॅडलर यांनी न्यूनगंडावर मात करण्याची धडपड. आपल्या जगण्याला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न माणसाच्या अंतःकरणात त्याहून खोलवर असतो, असे या तरुणाला वाटू लागले होते.

१९२८ साली फ्रांकल यांनी व्हिएन्नातील तरुणांसाठी मोफत समुपदेशन केंद्रे सुरू केली. शाळांचे निकाल लागण्याच्या सुमारास विद्यार्थ्यांच्या आत्महत्या होत असत, म्हणून त्या दिवसांत त्यांनी खास मोहीम राबविली आणि तिला चांगले यश मिळाले. १९३० साली ते वैद्यकीय पदवीधर झाले. १९३३ ते १९३७ या काळात ते श्टाइनहोफ येथील मनोरुग्णालयात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांच्या विभागाचे प्रमुख होते. हजारो दुःखी जिवांचे बोलणे त्यांनी तेथे कान देऊन ऐकले. आपण ग्रंथांपेक्षा रुग्णांकडूनच अधिक शिकलो, अशी त्यांची भावना होती.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला व यहुदी डॉक्टरांवर कडक निर्बंध आले. १९४० साली फ्रांकल यहुद्यांसाठी असलेल्या रोथशिल्ड रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले. मनोरुग्णांना ठार मारण्याची नाझींची योजना त्या वेळी सुरू होती. रुग्णांच्या कागदपत्रांवर मुद्दाम वेगळे निदान नोंदवून त्यांनी अनेकांना मृत्यूपासून वाचविले. याच सुमारास त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला. सुटकेचा मार्ग मोकळा झाला. पण वृद्ध आईवडिलांना मागे ठेवून कसे जावे? अशा द्विधा मनःस्थितीत असताना घरी त्यांना संगमरवराचा एक तुकडा दिसला. नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या प्रार्थनामंदिराच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी तो आणला होता. दहा आज्ञांपैकी आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेचे अक्षर त्यावर कोरलेले होते. फ्रांकल यांनी व्हिसाची मुदत जाऊ दिली.

डिसेंबर १९४१ मध्ये त्याच रुग्णालयातील परिचारिका टिली ग्रोसर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. जेमतेम नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९४२ मध्ये, या दोघांना व फ्रांकल यांच्या आईवडिलांना टेरेझिनश्टाट येथील छावणीत नेण्यात आले. तेथे फेब्रुवारी १९४३ मध्ये वडिलांचे निधन झाले. अशा ठिकाणीही, नव्याने आलेल्या कैद्यांचे मन खचू नये म्हणून फ्रांकल यांनी एक साहाय्यक गट उभारला. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठविण्याचा हुकूम झाला तेव्हा टिलीने स्वेच्छेने त्यांच्याबरोबर जाण्याचे ठरविले. तेथे दोघांची ताटातूट झाली ती कायमचीच.

फ्रांकल यांनी आपल्या पहिल्या ग्रंथाचे हस्तलिखित कोटाच्या अस्तरात शिवून ठेवले होते. ऑशविट्झमध्ये कोट गेला आणि त्याबरोबर वर्षांची मेहनतही गेली. बदल्यात एका मृत कैद्याचा फाटका कोट वाट्याला आला. त्याच्या खिशात हिब्रू प्रार्थनापुस्तकाचे एक पान होते. परमेश्वर एकच आहे व त्याच्यावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी, असे सांगणारी ती यहुद्यांची मुख्य प्रार्थना होती. प्रभू येशूनेही सर्वांत मोठी आज्ञा म्हणून तीच सांगितली, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. जे लिहिले ते आता जगून दाखवायचे आहे, असा अर्थ फ्रांकल यांनी त्या पानातून घेतला. पुढे काउफरिंग व टुर्कहाइम येथील छावण्यांत टायफसच्या तापाशी झुंजत त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर आपला ग्रंथ पुन्हा मांडायला सुरुवात केली. २७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने त्यांची सुटका केली.

व्हिएन्नाला परतल्यावर आई, भाऊ आणि टिली यांच्या मृत्यूची वार्ता त्यांना कळली. बहीण स्टेला तेवढी परदेशी गेल्यामुळे वाचली होती. हा आघात सोसूनही त्यांनी सूडाची भाषा केली नाही. संपूर्ण समाजाला दोषी ठरविणे अन्यायाचे आहे, असे ते जाहीरपणे सांगत राहिले व त्यासाठी स्वजनांचा रोषही पत्करला. छावणीतील अनुभवांचे पुस्तक त्यांनी अवघ्या नऊ दिवसांत सांगून लिहविले. १९४६ साली ते प्रसिद्ध झाले आणि पुढे मराठीसह अनेक भाषांत गेले. त्याच वर्षी ते व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिकमध्ये मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले व १९७० पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्या उपचारपद्धतीला लोगोथेरपी म्हणतात. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ज्या ग्रीक शब्दाचा अनुवाद आपण ‘शब्द’ असा करतो, तोच हा ‘लोगोस’. फ्रांकल यांनी तो प्रामुख्याने ‘अर्थ’ या आशयाने वापरला. माणूस हा शरीर, मन आणि आत्मा यांचे अखंड ऐक्य आहे. शरीर व मन आजारी पडू शकते, परंतु माणसातील आत्मिक केंद्र आजाराखालीही शाबूत राहते, ही त्यांची ठाम धारणा होती. म्हणूनच अत्यंत जर्जर मनोरुग्णाचीही प्रतिष्ठा त्यांनी कधी कमी लेखली नाही.

मात्र डॉक्टर आणि धर्मगुरू यांच्या कार्यातील सीमारेषा त्यांनी काटेकोरपणे पाळली. मानसोपचाराचे ध्येय मनाचे आरोग्य, तर धर्माचे ध्येय आत्म्याचे तारण, असे ते मानीत. डॉक्टरने आपली श्रद्धा वा अश्रद्धा रुग्णावर लादता कामा नये. पण रुग्ण स्वतः श्रद्धावान असेल, तर त्याच्या श्रद्धेचा आधार घेण्यास डॉक्टरने संकोच करू नये. त्यांच्याकडे आलेल्या एका राब्बीची पहिली पत्नी आणि सहा मुले ऑशविट्झमध्ये मारली गेली होती. निष्पाप मुले स्वर्गात गेली. आपल्यासारख्या पाप्याला त्यांच्या शेजारी जागा कशी मिळणार, हे त्याचे खरे दुःख होते. फ्रांकल यांनी त्या विश्वासाला भ्रम ठरविले नाही. देव आपल्या भक्ताचे अश्रू जपून ठेवतो, या स्तोत्रातील विचाराचे त्यांनी त्याला स्मरण करून दिले आणि या दुःखातूनच तो शुद्ध होऊन मुलांना भेटण्यास पात्र ठरत असेल, असे सुचविले. अनेक वर्षांनी त्या माणसाचे मन प्रथमच हलके झाले.

दुसरीकडे, शरीरातील बिघाडातून उद्भवणाऱ्या तीव्र डिप्रेशनच्या रुग्णाला उपदेश करू नये, असा त्यांचा इशारा होता. अशा रुग्णाला इच्छाशक्ती वाढवायला सांगितले की त्याची अपराधीपणाची भावनाच वाढते. त्याला आधी औषध हवे, धीर हवा आणि हे आजारपण आहे, तुझा दोष नव्हे, एवढे आश्वासन हवे. प्रार्थना कमी पडते म्हणून तू असा झालास, असे आजारी माणसाला सहज सुनावणाऱ्या आपणा सर्वांनी हा इशारा मनावर घ्यायला हवा.

१९४७ साली फ्रांकल यांचा दुसरा विवाह एलिओनोर श्विंट या कॅथलिक स्त्रीशी झाला. दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. ती त्यांच्याबरोबर यहुदी प्रार्थनामंदिरात जाई व ते तिच्याबरोबर चर्चमध्ये जात. पन्नास वर्षे हा संसार सुखाने चालला. पोप पॉल सहावे यांनी या दांपत्याला भेट दिली तेव्हा निरोपाच्या क्षणी पोपमहाशयांनी या यहुदी डॉक्टरांना स्वतःसाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. फ्रांकल स्वतःच्या प्रार्थनाजीवनाविषयी जाहीरपणे फारसे बोलत नसत. मात्र ते नित्य प्रार्थना करीत.

२ सप्टेंबर १९९७ रोजी व्हिएन्ना येथे वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीनच दिवसांनी कोलकात्यात मदर तेरेसा यांनी देह ठेवला. एकाच आठवड्यात जग दुःखितांच्या दोन सेवकांना मुकले.

प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामात मनाने खचलेली माणसे आहेत. कधी ती आपल्याच घरात असतात. त्यांना डॉक्टरांकडे नेल्याने देवावरील विश्वास उणा होत नाही आणि औषध सुरू असताना हातातील रोझरी खाली ठेवण्याचेही कारण नाही. धर्मगुरूंनी ऐकून घ्यावे, प्रार्थना करावी, संस्कार द्यावेत आणि वेळीच वैद्यकीय मदतीचा सल्ला द्यावा. डॉक्टरांनी उपचार करावेत आणि रुग्णाच्या श्रद्धेचा मान राखावा. कुटुंबाने मात्र त्याला एकटे सोडू नये. व्हिएन्नातील तो तरुण डॉक्टर आईवडिलांसाठी मागे राहिला, त्याच निष्ठेने आपणही आपल्या आजारी माणसाजवळ थांबूया.