बंदी मोडून निघालेला भिक्खू : ह्युएन त्संग

शाळेच्या पुस्तकात ह्युएन त्संग आपल्याला दोन ओळींत भेटला. चिनी प्रवासी आला, हर्षाच्या राज्याचे वर्णन करून गेला, दोन मार्कांचा प्रश्न संपला! कुणी त्याला युआन श्वांग लिहितात, माणूस एकच. पण तो आला कसा, हे कुणी सांगितलंच नाही.

जन्म इ.स. ६०२ च्या सुमाराचा, चीनमध्ये लोयांग शहराजवळ. थोरला भाऊ भिक्खू होता, त्याच्यामागे हाही लहान वयातच संघात गेला. देशात लढाया नि दुष्काळ. ६१८ साली तांग घराण्याचे साम्राज्य उभे राहिले. हा मात्र एका आचार्याकडून दुसऱ्याकडे शिकत फिरत होता. सूत्रांची चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळेनात. एक गुरू एक अर्थ सांगे, दुसरा भलताच. तेव्हा त्याने ठरवले, तथागतांच्या भूमीत जाऊन मूळ ग्रंथच वाचायचे.

सरहद्द ओलांडायला बादशहाची बंदी होती. अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग ६२९ च्या सुमारास तो चोरून निघाला. दिवसा दडायचे, रात्री चालायचे. चौकीच्या बुरुजावरून सुटलेला बाण गुडघ्याजवळून गेला. वाळवंटात पाण्याची पखाल हातून सांडली. चार रात्री नि पाच दिवस घशाखाली थेंब नाही. शेवटी पाणी शोधले ते त्याच्या म्हाताऱ्या घोड्याने. पुढे तुर्फानचा राजा भक्तीपोटी त्याला सोडेना, तेव्हा याने अन्नपाणी सोडले. राजा नमला.

बर्फाचे डोंगर, समरकंद, बामियान (तिथल्या त्या भव्य मूर्ती २००१ साली तालिबानने फोडल्या), गांधार, काश्मीर असे करीत तो मगधात पोचला. बोधिवृक्षाखाली ढसाढसा रडला. नालंदा विद्यापीठात वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या पायाशी सुमारे पाच वर्षे शिकला. आपल्या महाराष्ट्रातही तो येऊन गेला. तेव्हा इथे पुलकेशी राज्य करीत होता. उपकाराची फेड करणारे नि अपमान न गिळणारे, असे इथले लोक त्याला दिसले. इथे शंभरावर संघाराम नि पाच हजारांच्या आसपास भिक्खू होते, असेही त्याने लिहून ठेवले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहारांचे तो वर्णन करतो, ते अजिंठाच, असे जाणकार मानतात.

पण आणखी एक नोंद आपण नीट वाचली पाहिजे. खाटीक, कोळी, खेळ करणारे, जल्लाद, सफाई करणारे यांची घरे शहराबाहेर, त्यावर ओळखीची खूण, आणि रस्त्याने चालताना त्यांनी डाव्या बाजूने अंग चोरून जायचे. परक्या देशाच्या भिक्खूने हे टिपले. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली याचा शोध घेताना बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात फाहियान आणि ह्युएन त्संग, दोघांच्या नोंदी पारखून पाहिल्या. दोन मार्कांच्या उत्तरात आमचे हे गावकुसाबाहेरचे वाडवडील कुठेच नव्हते.

परतताना सिंधू नदीत होडी हेलकावली नि पन्नास पोथ्या वाहून गेल्या. त्यांच्या नकला मिळेपर्यंत तो पुढे गेला नाही. ६४५ साली वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून राजधानीत शिरला. ज्याने बंदी मोडली त्याच्याच स्वागताला गर्दी! बादशहाला साम्राज्यासाठी पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती हवी होती. ती ह्युएन त्संगने ६४६ साली लिहवून दिली, पण दरबारी पद घेतले नाही. त्याला भाषांतर करायचे होते. पुढची एकोणीस वर्षे तेच केले, ७५ ग्रंथ चिनीत आणले. ६६४ साली तो गेला.

इकडे नालंदा मातीखाली गेली, लोक नावही विसरले. बाराशे वर्षांनी दुसऱ्या एका साम्राज्याचा अधिकारी कनिंगहॅम, त्याच प्रवासवर्णनाचे फ्रेंच भाषांतर घेऊन, दिशा नि अंतरे जुळवीत बिहारात फिरला. बडगावजवळचे ढिगारे म्हणजेच नालंदा, हे त्याने ओळखले. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी, १९५७ साली, ह्युएन त्संगचा अस्थी-अवशेष चीनने भारताला दिला, तोही नालंदेसाठीच.