सोळावं लागलं की सोळा पूर्ण?

फॉर्म भरताना सगळ्यात सोपा रकाना कोणता? जन्मतारीख. दहावीच्या सर्टिफिकेटवर बघायची आणि टाकायची. यूपीएससी तर सरळ सांगते, दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख तीच आमची तारीख. पण आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनलाच का येतो, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या रकान्यातली गंमत कळेल. गुरुजींनी टाकली ती तारीख!

सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या आयुष्यात याच रकान्याने उलथापालथ केली. शाळेच्या पुस्तकात ते मवाळ नेते म्हणून एका ओळीत भेटतात आणि दोन मार्कांच्या प्रश्नापुरते लक्षात राहतात. पण स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत बघायचं तर इतका भोगलेला आणि इतका भांडलेला उमेदवार दुसरा सापडणं कठीण आहे.

जन्म १० नोव्हेंबर १८४८, कलकत्ता. वडील दुर्गाचरण डॉक्टर. मुलगा पदवीधर झाला आणि वडिलांनी ठरवलं, याने आयसीएस व्हायचं. आता तेव्हाची भानगड समजून घ्या. १८५३च्या कायद्याने ही नोकरी स्पर्धा परीक्षेने द्यायचं ठरलं, १८५५मध्ये पहिली परीक्षा झाली. त्याआधी कंपनीच्या संचालकांची शिफारस लागायची, म्हणजे शुद्ध वशिला. तो गेला हे चांगलंच झालं. कागदावर परीक्षा भारतीयांनाही खुली होती. फक्त केंद्र एकच होतं, लंडन. विषय इंग्लंडच्या पोरांना सोयीचे, आणि ग्रीक-लॅटिनपुढे संस्कृत-अरबीला मार्क कमी. बोटीचं भाडं, तिथे राहायचा खर्च, शिकवण्या, वर समुद्र ओलांडला म्हणून जातीबाहेर टाकण्याची भीती. १८६३मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पास झालेले पहिले भारतीय. त्यांच्यासोबत गेलेला मित्र मनमोहन घोष दोनदा बसला, दोन्ही वेळा नापास झाला आणि शेवटी बॅरिस्टर झाला. तेव्हाचा प्लॅन बी म्हणायचा.

३ मार्च १८६८ला सुरेंद्रनाथ निघाले. सोबत रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्ता. हे दोघे तर घरच्यांना न सांगता बोटीवर चढले होते. वर्षभर लंडनमध्ये घासून अभ्यास झाला आणि १८६९च्या निकालात एकदम चार भारतीय नावं आली. हे तिघे, आणि चौथे आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. हे नाव तुम्ही ऐकलंय का? आमच्या बॅचमध्ये विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं.

आणि मग कागदपत्र पडताळणी आली.

परीक्षेला वयाची अट होती, २१च्या आत. सुरेंद्रनाथांनी १८६३च्या अखेरीस कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली तेव्हा नोंदीत वय लिहिलं होतं १६. कमिशनरांनी सरळ हिशेब मांडला. १८६३ला सोळा, म्हणजे १८६९ला २१च्या वर. नाव यादीतून बाहेर. ठाकूरांचंही वयावरूनच नाव काढलं गेलं.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. आपल्याकडे आजही आजी म्हणते ना, पोराला सोळावं लागलं! म्हणजे पंधरा पूर्ण झाली. आपण चालू वर्ष मोजायचो, इंग्रज पूर्ण झालेलं वर्ष मोजत. १८४८चा नोव्हेंबर धरा, १८६३ला पंधरा पूर्ण होतात आणि सोळावं लागतं. १८६९च्या परीक्षेला हा मुलगा वीस वर्षांचा. दोन्ही आकडे बरोबर आणि तरी नोकरी गेलेली.

बावीस तासांच्या नाही, आठवड्यांच्या प्रवासाएवढं घर लांब. वय जेमतेम वीस. अशा वेळी बहुतेक जण गप्प बसले असते. सुरेंद्रनाथ थेट क्वीन्स बेंच कोर्टात गेले. मोजायची रीत वेगळी आहे, एवढाच त्यांचा मुद्दा, आणि कोर्टाने तो उचलून धरला. सुरेंद्रनाथांचं नाव यादीत परत आलं. ठाकूरांनाही परत घेतलं. या सगळ्यात वर्ष वाया गेलं ते गेलंच, आणि फेब्रुवारी १८७०मध्ये कलकत्त्यात वडील वारले. ज्यांनी पाठवलं त्यांना मुलगा अधिकारी झालेला दिसलाच नाही.

१८७१मध्ये सिल्हेटला असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून पहिलं पोस्टिंग मिळालं. सिल्हेट आज बांगलादेशात आहे. इथे तरी सुखाचं काही असेल असं वाटतं, पण तीन वर्षांतच गोष्ट संपली. युधिष्ठिर नावाच्या एका आरोपीचं नाव फरारी लोकांच्या यादीत चुकीने गेलं होतं. कारकुनाने समोर ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर साहेबांनी सही केलेली. आपण न वाचता सही केली हे सुरेंद्रनाथांनी मान्य केलं, पण मुद्दाम खोटं केलं हा आरोप नाकारला. चौकशी समितीने दोषी धरलं. १८७४मध्ये बडतर्फ, हातात महिना ५० रुपयांचा दयेचा भत्ता. चूक होती, मला त्यात शंका नाही. पण या चुकीला गोऱ्या अधिकाऱ्याला समज देऊन सोडलं असतं, असं तेव्हाच्या भारतीयांचं मत होतं आणि मलाही ते पटतं.

अपील करायला पुन्हा लंडन. अपील फेटाळलं. बॅरिस्टर तरी होऊ म्हटलं, तर सरकारी नोकरीतून काढलेला माणूस म्हणून तेही दार बंद झालं. १८७५मध्ये हा माणूस रिकाम्या हाताने कलकत्त्यात उतरला. वय २६! ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकवायला घेतलं म्हणून निभावलं. पुढे शिकवणं हेच त्यांचं कायमचं काम झालं. त्यांनी वाढवलेलं रिपन कॉलेज आज सुरेंद्रनाथ कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

२६ जुलै १८७६ला इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. त्याच दिवशी सकाळी त्यांचा लहान मुलगा गेला होता. संध्याकाळी ते सभेला हजर होते. यावर काय लिहावं मला कळत नाही, म्हणून नुसतं सांगते.

त्याच वर्षी भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांनी आयसीएसची वयोमर्यादा २१वरून १९वर आणली. नुसता दोन वर्षांचा फरक वाटतो, पण हिशेब करून बघा. १९च्या आत लंडनमध्ये परीक्षा द्यायची तर मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षीच पाठवायला हवं. म्हणजे इथली पदवी घेऊन जाणारा मार्गच बंद. दरवाजा उघडा ठेवायचा आणि उंबरठा छातीएवढा करायचा, असला प्रकार.

आणि याविरुद्ध उभा कोण राहिला? ज्याला त्या नोकरीतून काढून टाकलं होतं तो. स्वतःला आता त्यातून काहीच मिळणार नव्हतं. मे १८७७मध्ये सुरेंद्रनाथ उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले आणि आग्रा, दिल्ली, लाहोर, अमृतसर, लखनौ, अलाहाबाद असं गावोगाव बोलत फिरले. पुढच्या हिवाळ्यात मुंबई, सुरत, अहमदाबाद, पुणे, मद्रास. मागणी दोनच गोष्टींची: वयोमर्यादा वाढवा आणि परीक्षा लंडनसोबत भारतातही घ्या. एका परीक्षेच्या अटींवरून अख्ख्या देशात एकच अर्ज फिरला. काँग्रेस तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तो अर्ज घेऊन १८७९मध्ये इंग्लंडला गेले लालमोहन घोष, म्हणजे त्या दोनदा नापास झालेल्या मनमोहनचे धाकटे भाऊ.

सरकारने उत्तरादाखल काही जागा परीक्षेशिवाय, घराणं बघून भरायची योजना आणली. म्हणजे पुन्हा वशिला. ती फार टिकली नाही. वयोमर्यादा २३वर गेली ती १८९२मध्ये. परीक्षा दोन्हीकडे घ्यावी असा ठराव ब्रिटिश कॉमन्स सभेने १८९३मध्ये मंजूरही केला, पण सरकारने तो बासनात बांधून ठेवला. १८९५मध्ये सुरेंद्रनाथ पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पहिल्या पुणे दौऱ्याला सतराएक वर्षं होऊन गेली होती आणि मागणी तिथेच होती.

भारतात पहिली आयसीएस परीक्षा झाली अलाहाबादला, १९२२मध्ये. मागणी सुरू होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. सुरेंद्रनाथ तेव्हा ७३ वर्षांचे, बंगाल सरकारात मंत्री. तरुणांना ते एव्हाना जुनाट वाटायला लागले होते, सर हा किताब घेतल्याचा रागही होता. १९२३च्या निवडणुकीत बिधानचंद्र रॉय या तरुण डॉक्टरने त्यांना हरवलं. ६ ऑगस्ट १९२५ला बराकपूरला ते गेले. पब्लिक सर्व्हिस कमिशन, म्हणजे आजच्या यूपीएससीचं पहिलं रूप, १ ऑक्टोबर १९२६ला सुरू झालं.